अबोल्याचा तांब्या

यंदा उपासाचे चाळीस दिवस लागले आणि त्याच आठवड्यात गावात टँकर सुरू झाला. सकाळी प्रार्थनाघराच्या पायरीवर बसलं की आधी हॉर्न ऐकू येतो, मग हंड्यांचा गलका, आणि सगळं शांत झालं की कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा वास येतो. अर्धा गोड, अर्धा कडू. निंब दुष्काळ मानत नाही. माणसं वाळतात त्याच महिन्यात तो फुलतो. त्या वासाबरोबर मला एकच उन्हाळा आठवतो. बहात्तरचा नव्हे. बहात्तरचं सगळेच सांगतात. हा त्याच्या नंतरचा, आमच्या गावात दूध सोसायटी आली त्यानंतरचा.

मागच्या रविवारी आमच्या नव्या पाळकांनी वैऱ्यावर माया करण्यावर उपदेश केला. पोरगं चांगलं आहे, आवाजही गोड आहे. म्हणाले, प्रीती ही अंतःकरणातली भावना आहे, आधी भावना शुद्ध करा. उपासना संपल्यावर मी त्यांना पायरीवरच धरलं.

"पाळकसाहेब, भावना शुद्ध व्हायची वाट बघत बसलो असतो तर चेअरमनची जनावरं मेली असती."

"कोण चेअरमन, बाबा?"

"मेला तो. तुमी जन्मायच्या आधीची गोष्ट हाय."

"मग सांगा ना."

"तोंडानं सांगितलं की तुमी नुसती मान हलवता. लिहून देतो."

म्हणून लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंत पाहिली. पण जे बघितलं ते बघितलं, त्याला चौथी पुरते.

आमची वस्ती नांदूरघाटच्या अंगाला, गावापासून ओढ्याच्या पलीकडं. आमच्या आजा-बापांनी येशूला धरलं, पण त्यामुळं ओढा काही बुजला नाही. गावाचं पाणी वेगळं, आमचं वेगळं. तेव्हा आमच्या बापांनी प्रार्थनाघर बांधायच्या आधी विहीर खोदली. पहार, घण आणि सुरुंगाची दारू. वर माती, खाली मुरूम, त्याच्याखाली काळा खडक. माझा बाप सांगायचा, खडकातून पहिली ओल सुटली तेव्हा माणसं खाली उतरून खडकाला गाल लावून बसली होती. मी ते बघितलं नाही. पण विहिरीच्या तळाचा गारवा मला माहीत आहे, गाळ काढायला मी दरवर्षी उतरायचो. वर चैत्राचं ऊन भाजत असायचं आणि खाली अंगावर काटा यायचा.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती, आता मोडत चालली आहे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकरी आणि प्याला घ्यायच्या, आधीच्या आठवड्यात, ज्याचा ज्याच्याशी अबोला असेल त्यानं त्याच्या दारात तांब्याभर पाणी न्यायचं. चूक कुणाची ते बघायचं नाही. अबोला ज्याला आधी सोसवेना त्यानं न्यायचं. समोरच्यानं ते प्यायचं. झालं, मिटलं. आणि दोघांपैकी कुणीही खुलासा करायचा नाही. हे कुण्या शहाण्या म्हाताऱ्यानं ठरवलं असणार, कारण खुलासा करायला गेलं की भांडण नव्यानं पेटतं. तोंडाला तांब्या असला की माणसाला बोलता येत नाही, हाही त्यात विचार असेल. ज्यानं नेलं नाही आणि जो प्याला नाही, त्यानं रविवारी भाकरी घ्यायला पुढं जायचं नाही. बाकावर बसून राहायचं. सगळ्यांच्या देखत.

मी लहानपणी माझ्या आईला असा तांब्या नेताना बघितलंय. चुलतीच्या दारात. चुलतीनं दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. दोघी हसायला लागल्या. मला काही कळलं नाही, फक्त पाणी थंड होतं एवढं कळलं.

दूध सोसायटी आली तेव्हा आमच्या वस्तीला वाटलं, आता ओढा बुजला. सकाळी कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं, पुढं पाटलाची सून, मागं माझी बायको रूता. दूध सगळ्यांचं एकाच टाकीत पडतं. दुधाला कुणी जात विचारत नाही, असं रूता म्हणायची. तिची म्हैस हौशी, कपाळावर पांढरा ठिपका. रूता सोडून दुसऱ्या कुणाला धार काढू द्यायची नाही. मी गेलो तर लाथ.

मग सोसायटीची निवडणूक झाली आणि आमच्या वस्तीनं चेअरमनच्या पॅनेलला मत दिलं नाही. का दिलं नाही ते आता सांगत बसत नाही, आमचा हक्क होता. चेअरमन म्हणजे गावातला मोठा जमीनवाला, फेटा कधी सैल नाही, आवाज कधी चढलेला नाही. निवडून आल्यावर महिनाभरात त्यानं सभा घेतली. म्हणाला, वस्तीच्या दुधात पाणी असतं अशी तक्रार आहे. आम्ही म्हणालो, कोण म्हणतं? त्यानं मागं बघितलं. मागून लाजर उठला.

लाजर म्हणजे रूताचा सख्खा धाकटा भाऊ. आमच्याच मंडळीचा, आमच्याच बाकावर बसणारा. रूतानं त्याला कडेवर वागवलेला.

"असतं पाणी," तो म्हणाला. खाली बघून म्हणाला, पण म्हणाला.

चेअरमननं रूताचा कॅन सगळ्यांच्या समोर आडवा केला. पांढरी धार पायरीवरून उतरली आणि धुळीत गेली. धूळ इतकी तापलेली की दूध वाहिलंच नाही, जागच्या जागी मुरलं. एक कुत्रं आलं आणि ओली माती चाटायला लागलं. रूतानं कॅन उचलला, पदरानं त्याचा काठ पुसला आणि माझ्या पुढं चालायला लागली. घरी आल्यावर म्हणाली, "लाजर मेला."

वस्तीचं नाव सोसायटीतून कमी झालं. एकट्या लाजरचं राहिलं.

त्याची खरी झळ उन्हाळ्यात लागली. पाऊस रुसलाच होता. पौषातच कडबा संपला. सोसायटीनं गायरानावर जनावरांची छावणी उघडली, कारखान्याच्या भागातून उसाचं वाढं, म्हणजे तोडलेले शेंडे, ट्रकनं यायचं. हिरवंगार वाढं. त्याचा वास ओढ्याच्या अलीकडं यायचा आणि आमची जनावरं दावणीला माना वर करून उभी राहायची. छावणी फक्त सभासदांसाठी. लाजरच्या दोन म्हशी आत, हौशी बाहेर. रूतानं तिला बाभळीच्या शेंगा वेचून घातल्या, छपराचं जुनं गवत काढून घातलं. शेवटी मी तिला नेकनूरच्या बाजाराला नेली. दावं दुसऱ्याच्या हातात देताना तिनं वळून बघितलं नाही, जनावर शहाणं असतं. रूतानं मात्र कितीतरी दिवस रिकाम्या गोठ्यात शेण नसतानाही झाडलोट केली.

विहिरीवर पाळ्या लावायचं काम मंडळीनं माझ्याकडं दिलं होतं. मी हट्टी आहे, कुणाचं ऐकत नाही, म्हणूनच दिलं. गावाचं पाणी आटलं, आमच्या विहिरीत खडकाच्या बेचक्यात तेवढं उरलं. पोहरा खाली घासायचा. त्या घासण्याचा आवाज दातात जायचा. वस्तीतल्या चार माणसांनी मला गाठलं आणि म्हणाले, "दानेलदादा, लाजरला पाणी बंद करा. वाढं त्यांचं खातो, पाणी आपलं पितो?"

मी म्हणालो, "भरू द्या त्याला."

"कावून?"

"विहीर त्याच्या बापानं बी खोदलीया म्हणून."

यात माया-बिया काही नव्हती. लाजर घागर घेऊन आला की मी पाठ फिरवायचो. त्याची पाळी आली की हातानं खूण करायचो. तोंडानं एक अक्षर नाही. पण पाणी कधी अडवलं नाही, आणि त्याच्या बायकोची घागर अर्धी भरली असताना कुणी तिला हटकलं तर मी हटकणाऱ्याला हटकायचो. पाळकसाहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याला करायला सांगितलंय. मनातून माया वाटायला सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशीच नापास.

मग छावणीचा टँकर यायचा थांबला. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही. बीडला माणसं गेली आणि परत आली. जनावरं आधी हंबरली, मग त्यांचा आवाज बदलला. तहानलेलं जनावर ओरडत नाही, ते घशातून घासतं. तो आवाज ओढा ओलांडून यायचा आणि वस्तीतली पोरं जेवताना घास हातात धरून बसायची. रूतानं कानावर पदर घट्ट बांधला होता. मला माहीत होतं, तिला त्यात हौशी ऐकू यायची.

दुपारच्या वेळी चेअरमन आला. ओढा ओलांडून, पायी. मागं गावातली माणसं, त्यांच्या मागं खाली मान घालून लाजर. चेअरमन विहिरीपासून थोडा लांब थांबला.

"दानेल," तो म्हणाला, "जनावरांसाठी पाणी पायजे."

वस्ती जमली होती. कुणीतरी मागून म्हणालं, "आमच्या पाण्यात दूध असतं, साहेब, चालंल का?" हशा झाला. चेअरमन हसला नाही, चिडलाही नाही. तो छावणीच्या दिशेला कान देऊन उभा होता.

तेवढ्यात रूता पुढं आली. तिच्या हातात तांब्या, काठोकाठ भरलेला. ती चेअरमनच्या समोर उभी राहिली.

"आमच्यात रीत हाय," ती म्हणाली. "ज्याच्याशी अबोला त्यानं आधी आमचं पाणी प्यायचं. हे प्या. मग आणा जनावरं."

गावातल्या माणसांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. आमच्या हातचं पाणी त्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या घेतलं नव्हतं. जनावराला आमचं पाणी चालत होतं, माणसाला चालत नव्हतं. चेअरमननं तांब्याकडं बघितलं. फेट्याखालून घाम ओघळत होता आणि ओठ पांढरे पडले होते. त्यालाही तहान लागलेली होती. हात मात्र पुढं येत नव्हता. आणि मी खरं लिहितो, सगळ्या वस्तीला तो हात पुढं यायला पाहिजे होता. मलाही. इतका गोड क्षण वस्तीनं कधी बघितला नव्हता.

"अक्का," मागून आवाज आला. लाजरचा. "हे असं न्हाई."

रूतानं मान वळवली नाही.

"तांब्या दारावर न्यायचा असतो, अक्का. दारात आलेल्याला अडवून पाजायचा न्हाई. ही आपली रीत न्हाई. ही वेसण हाय."

"तू शिकव मला रीत," रूता म्हणाली. "माझं दूध मातीत गेलं तवा कुठं गेलती तुझी रीत?"

"तवा नव्हती," लाजर म्हणाला. "तवा न्हाई आली."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पाळ्या माझ्या हातात होत्या. एका बाजूला बायको, जिचं दूध सांडलं, जिची म्हैस गेली. दुसऱ्या बाजूला लाजर, ज्याच्या एका शब्दानं ते सगळं झालं, आणि बोलत होता तो खरं. खोटारड्याच्या तोंडून खरं ऐकण्यासारखा जाच नाही. विहिरीत पाणी किती, हेही मलाच माहीत होतं. छावणीला पाजलं तर वस्तीला अंघोळ नाही, आणि टँकर आणखी लांबला तर प्यायलाही नाही.

"जनावरं आणा," मी चेअरमनला म्हणालो.

"पाणी किती हाय?" त्यानं विचारलं.

"दिसतंय तेवढं."

मग लाजरकडं न बघता म्हणालो, "आन तू. पोहरा धर." एवढंच. पण सभेच्या दिवसापासून त्याच्याशी बोललेले माझे ते पहिले शब्द.

रूतानं तांब्या निंबाच्या बुडाशी ओतला. जाताना माझ्या कानापाशी म्हणाली, "बायकोपेक्षा वैरी जवळचा झाला का?" मी पोहरा विहिरीत सोडला. आता ती मंडळीच्या दफनभूमीत आहे, तिथं गेलो की तिच्याशी बोलतो, तो प्रश्न सोडून सगळं बोलतो.

त्या दुपारची आठवण मला कानानं येते. छावणीतली जनावरं ओढ्यातून चालत आली, खुरांचा आवाज नाही, सगळी धूळच. वस्तीतले सगळे टोप, घमेली, लाकडी काथवटी बाहेर आल्या, बायकांनी काथवटीला लागलेलं पीठसुद्धा पुसलं नाही. आणि मग पिण्याचा आवाज. लांब, ओढून घेतलेला, मधेच नाकातून सुटलेला फुत्कार. पाणी पिताना म्हशीचे डोळे अर्धे मिटतात. ओल्या लवेचा, शेणाचा आणि खोल विहिरीच्या गार पाण्याचा असा एक वास झाला होता, तो मी पुन्हा कधी घेतला नाही. गावातली माणसं आमच्या दोराला हात लावून ओढत होती. पहिल्यांदा बिचकत, मग हाताला फोड येईपर्यंत. चेअरमनही ओढत होता. त्याचा फेटा सुटला आणि त्यानं तो कमरेला बांधला. कुणी कुणाशी बोललं नाही. दोर ओढताना दम लागतो.

टँकर नंतर आला. विहिरीतून शेवटी गढूळ पाणी निघालं, फडक्यानं गाळून प्यालो, पण विहीर सुकली नाही.

त्यानंतर माझं नाव झालं. नांदूरघाटच्या बाजारात, पार दिंद्रुडपर्यंत लोक म्हणायचे, त्या दानेलनं वैऱ्याची जनावरं पाजली. मी मिशीला हात लावायचो. वैऱ्यावर माया केली की बघणारे असतात. त्याची बातमी होते. घरच्या माणसाशी अबोला तोडला तर कुणाला कळतसुद्धा नाही, म्हणून ते जड जातं, असं मला आता वाटतं.

दुःखसहनाच्या, म्हणजे उपासाच्या शेवटच्या आठवड्यात लाजर आमच्या दारात आला. तांब्या घेऊन. रूता उंबऱ्यात तांदूळ निवडत होती, रेशनचा, खड्यांनी भरलेला. त्यानं तांब्या पुढं केला. बोलला नाही, रीतच तशी. रूतानं सूप बाजूला ठेवलं, तांब्या घेतला आणि मान वर करून प्यायला लागली. घोट घोट करून सगळा तांब्या संपवला. थेंबही ठेवला नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाई ठेवलं. तुमचं तुमी बघा."

आणि येशूला क्रुसावर दिलं त्या उत्तम शुक्रवारी, उपासना सुटल्यावर, तोच तांब्या भरून ती ओढा ओलांडून गेली. चेअरमनच्या माळवदाच्या घरी. मी दहा पावलं मागं. ऊन असं की पाण्यात आभाळ हलत होतं. चेअरमन ओट्यावर आला. रूतानं तांब्या पुढं केला. या वेळी बघायला कुणी नव्हतं, वस्ती नव्हती, गाव नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि आत गेला. थोड्या वेळानं बाहेर आला. तांब्या रिकामा होता.

वाटेत मी म्हणालो, "प्याला नसंल. ओतला असंल न्हाणीत."

"असंल," रूता म्हणाली.

"मग?"

"मग काय? मी नेला. पुढचं त्याचं तो बघंल." आणि ती भराभरा चालायला लागली, जशी पूर्वी कॅन घेऊन चालायची.

पुनरुत्थानाच्या रविवारी प्रार्थनाघर सारवलेलं होतं. बायकांनी निंबाची फुलं पाण्यात घालून वेदीवर ठेवलेली, दुसरी फुलंच नव्हती. गहू नव्हता म्हणून प्रभुभोजनाला ज्वारीची भाकरी. प्याल्यात मनुका कुसकरलेलं पाणी. तेव्हाचे पाळक म्हातारे होते, हात थरथरायचे. माणसं एकेक करून पुढं जायला लागली. रूता गेली, आली, बायकांच्या बाजूला डोळे मिटून बसली. मी बसून राहिलो. लाजरशी माझा अबोला तसाच होता, मी तांब्या नेला नव्हता आणि मला आलेला माझ्या बायकोनं पिऊन टाकला होता. नियम म्हणजे नियम. आणि खरं तर मला जायचंच नव्हतं. छावणीला पाणी दिलं, नाव झालं, आणखी काय करायचं असतं माणसानं?

लाजर रांगेत उभा होता. गेल्या कितीतरी महिन्यांत त्याला भाकरी मिळाली नव्हती. सभेनंतर पाळकांनीच थांबवला होता. आता बहीण पाणी प्याली, त्याची वाट मोकळी. त्याच्या पुढं एकच माणूस राहिला तेव्हा त्यानं मागं वळून मला बघितलं. आणि तो रांगेतून निघाला. माझ्या बाकावर येऊन माझ्या शेजारी बसला.

"जा की," मी दातातल्या दातात म्हणालो.

"न्हाई."

"लाजर, जा म्हणतो. पाळक थांबलेत."

"तुमी बसलाव. मी बी बसतो, दाजी."

"हट्ट करू नको बे."

"तुमच्याकडनंच शिकलोय."

पाळक ताट धरून उभे. सगळी मंडळी आमच्याकडं बघत होती. उपाशी माणसासारखा लाजर समोरच्या भाकरीकडं बघत होता आणि उठत नव्हता. हा माणूस म्हशीच्या चाऱ्यासाठी बहिणीला विकून बसला होता, आणि आता माझ्यासाठी भाकरी सोडून बसला होता. मला त्याचा राग आला. इतका राग मला त्याचा सभेतसुद्धा आला नव्हता.

"ऊठ," मी म्हणालो आणि त्याच्या दंडाला धरून उठवला. तसाच धरून पुढं नेला. पाळकांनी भाकरीचा तुकडा मोडून आधी त्याला दिला, मग मला. ज्वारी खरखरीत होती. मग प्याला. लाजर प्याला. पाळकांची रीत होती, एकाचं झालं की पांढऱ्या कापडानं काठ पुसून दुसऱ्याला द्यायचा. त्यांनी कापड उचललं. मी त्यांना पुसू दिलं नाही. लाजरच्या ओठाची ओल काठावर होती तिथंच ओठ लावला आणि प्यालो.